कट्यारीचे पाणी

गेल्या महिन्यात पुण्याहून पुतण्याचा फोन आला. लग्न ठरले आहे हे तुम्हा नातेवाईक मंडळींना माहीत आहेच. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तो म्हणाला, "आत्या, बाबांच्या लग्नातली कट्यार तुझ्याकडे आहे ना? मलापण तीच धरायचीय."

मी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला. बघायचे काही नव्हते. ती कुठे आहे हे मला पक्के ठाऊक आहे. लोखंडी ट्रंकेत, आईच्या जुन्या नऊवारीच्या तुकड्यात गुंडाळलेली. पण चाळीस वर्षे झाली, ती उघडून बघायचा मला धीर होत नाही. का, ते शेवटी सांगते. आधी थोडा इतिहास. शिक्षिकेची सवय आहे, सोडून द्या.

त्या फोननंतर मला वाटले, नवीच घेऊन द्यावी. म्हणून पुण्याला गेले तेव्हा भाच्याला बरोबर घेऊन लग्नाचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत हिंडले. मुंडावळ्या, बाशिंगे, फेटे, आणि एका कोपऱ्यात कट्यारी. दुकानदाराने चार-पाच काढून समोर ठेवल्या. चकचकीत मुलामा, मुठीवर लाल-हिरवे खडे, मखमली म्यान. भाड्यानेही मिळतात म्हणे. एक हातात घेतली आणि म्हटले, "अहो, ही कट्यार नाही, हा खंजीर झाला." तो बिचारा गोंधळला. "काकू, लग्नात हीच चालते." चालते हे खरेच. लिंबू कशाच्याही टोकाला बसते.

पण फरक आहे आणि तो मुठीत आहे. सुरी, खंजीर, जंबिया यांची मूठ पात्याच्या रेषेत सरळ असते, आपण भाजी चिरायची सुरी धरतो तशी. कट्यारीचे तसे नाही. तिला दोन उभे दंड असतात, एकमेकांना समांतर. त्या दोन दंडांना जोडणाऱ्या दोन आडव्या दांड्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. त्या दांड्या मुठीत आवळून धरायच्या. मग दंड मनगटाच्या दोन्ही बाजूंनी मागे जातात आणि पाते मुठीच्या पुढे, बोटांच्या पेरांच्या सरळ रेषेत उभे राहते. म्हणजे बुक्की मारली की पाते घुसते. सुरीच्या वाराला मनगटाचा जोर, कट्यारीच्या वाराला खांद्याचा आणि सगळ्या अंगाचा. आपल्या बोलण्यात कट्यार नेहमी काळजात 'घुसते' ती उगीच नाही. १९६७ साली आलेल्या दारव्हेकरांच्या नाटकाने तर हे शब्द घरोघरी पोचवले. पण नाटक तोंडपाठ असणाऱ्या किती जणांना कट्यार कशी धरतात ते सांगता येईल, याची मला शंका आहे. मलाही फार उशिरा कळले.

ही मूठ आपल्या देशाचीच खासियत. जगात खंजीर सगळीकडे सापडतात, पण आडव्या मुठीचे हे हत्यार हिंदुस्थानात जितके रुजले, जितक्या तऱ्हांनी घडले, तितके दुसरीकडे कुठे नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता इथे आला होता. त्याच्या प्रवासवर्णनात एका हत्याराचा उल्लेख येतो. नाव 'कत्तारा'. तो म्हणतो की ते नांगराच्या फाळासारखे दिसते, हात त्याच्या आत घालतात, ते कोपरापर्यंतचा हात झाकते आणि पुढे दोन हात लांब पाते असते. त्याचा घाव बसला की माणूस वाचत नाही. नांगराचा फाळ! हे वाचले तेव्हा मला फार गंमत वाटली. मोरोक्कोहून आलेल्या माणसालाही उपमा सुचली ती शेतातलीच.

तमिळमध्ये कट्टारी, हिंदीत कटार, आपल्याकडे कट्यार. आज ज्या जुन्यात जुन्या कट्यारी टिकून आहेत त्यांतल्या बऱ्याच दक्षिणेतल्या, विजयनगरच्या परंपरेतल्या मानतात. त्यांच्या मुठीवर पुढच्या बाजूने पानाच्या किंवा फण्याच्या आकाराचे झाकण असते, बोटे वाचावीत म्हणून. पुढे उत्तरेकडे हे झाकण गळून पडले आणि नुसती शिडीसारखी मूठ राहिली.

मोगलांकडे तिला दुसरे नाव होते. 'आईन-ए-अकबरी'त शस्त्रांची यादी आणि चित्रे आहेत. आपण जिला कट्यार म्हणतो तिला तिथे 'जमधर' म्हटले आहे. हाच शब्द आपल्याकडे 'जमदाड' म्हणून येतो. यमाची दाढ असा त्याचा अर्थ लावतात. सभासदाची बखर ज्यांनी वाचली असेल त्यांना आठवेल, प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी जी भेट झाली त्या प्रसंगात खानाच्या हातातल्या शस्त्राला सभासद जमदाडच म्हणतो. मी वर्गात हा प्रसंग तीस वर्षे शिकवला. वाघनखे आणि बिचवा फळ्यावर काढून दाखवले. खानाच्या जमदाडीचे चित्र मात्र एकदाही काढले नाही, कारण ती म्हणजेच कट्यार हे मला माहीत नव्हते. २०२४ च्या जुलैत लंडनच्या संग्रहालयातली वाघनखे साताऱ्यात प्रदर्शनाला आली तेव्हा केवढी चर्चा झाली. ती महाराजांचीच का, यावर वादही झाला. त्या गडबडीत मला राहून राहून ती जमदाड आठवत होती. तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढले नाही.

जमदाडीचा आणखी एक प्रसिद्ध प्रसंग आग्र्याचा. १६४४ साली मारवाडच्या अमरसिंह राठोडाने शाहजहानच्या भर दरबारात सलाबतखानाला कट्यारीने ठार केले. अमरसिंहही वाचला नाही. आग्र्याच्या किल्ल्याच्या एका दरवाजाला आजही त्याचे नाव आहे. दरबारात भाला, ढाल घेऊन कोण उभे राहणार? पण कमरेच्या शेल्यात कट्यार चालत असे. तो पोशाखाचाच भाग होता. जहांगीर तर जडावाच्या कट्यारी मर्जीतल्या सरदारांना बक्षीस द्यायचा, त्याच्या आठवणींत हे पानापानांवर येते. एकाच वस्तूने मान द्यायचा आणि त्याच वस्तूने जीव घ्यायचा.

आता टोकाविषयी. हे नीट सांगितले पाहिजे, कारण माझी चूक इथेच झाली.

साध्या सुरीचे टोक पातळ होत जाते. जुन्या लढाऊ कट्यारीचे टोक उलट जाड असते. पाते मुठीकडून निमुळते होत येते, मध्ये शीर असते, दोन्ही बाजूंना खोलगट भाग असतो आणि शेवटच्या बोटभर भागात पोलाद पुन्हा जाडजूड होते. कारण समोरच्याच्या अंगात जाळीचे चिलखत असे, लोखंडी कड्या एकमेकींत गुंफलेले. पातळ टोक कडीत अडकून मोडेल. जाड टोक कडीत शिरून ती फाकवते, तोडते आणि मागचे पाते आत जाते. म्हणून कट्यारीचे टोक दिसायला बोथट वाटले तरी ते बोथट नसते. तिचे बळ धारेपेक्षा टोकात.

पाते कुठले, हीही एक मौज आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या पुष्कळ कट्यारींची मूठ इथली आणि पाते युरोपातले. गोव्याला पोर्तुगीज आल्यावर पश्चिम किनाऱ्याने तिकडच्या तलवारींची पाती येऊ लागली. आपल्याकडे त्या तलवारींना 'फिरंग' असेच नाव पडले. लांब पाते मोडले तर त्याचा तुकडा फुकट जात नसे. कट्यारीच्या मुठीला तो रिवेट मारून बसवायचा. म्हणून कधी कधी कट्यारीवर युरोपातल्या लोहारांची नावे दिसतात.

आणि आपले स्वतःचे पोलाद तर जगात नावाजलेले. कानडीत उक्कु, तमिळमध्ये उरुक्कु, इंग्रजांनी त्याचे केले वूट्झ. मातीच्या मुशीत लोखंड आणि झाडपाला घालून, तोंड लिंपून, भट्टीत तापवायचे आणि सावकाश निवू द्यायचे. अशा पोलादाचे पाते घडवून त्यावर तेजाबासारखे द्रव्य लावले की पाण्यावरच्या लाटांसारखी नक्षी उमटते. तिला जौहर म्हणतात. या पोलादाचे रहस्य काय म्हणून १८२० च्या आसपास लंडनमध्ये मायकेल फॅरेडेने, तोच विजेचा फॅरेडे, प्रयोग केले होते. फॅरेडे लोहाराचा मुलगा.

मराठीत या सगळ्याला एक शब्द आहे, पाणी. पाते तापवून विझवले म्हणजे त्याला 'पाणी दिले'. चांगले पाते 'पाणीदार'. माणूसही पाणीदार असतो, डोळेही असतात, मोतीही. आणि पाते नको तितके तापले की त्याचे 'पाणी उतरते'. तीस वर्षे मी हा शब्द वाक्प्रचाराच्या तासाला शिकवला. वाक्यात उपयोग करा, दोन गुण. तो शब्द कुठून आला ते मला एका शिकलगाराने शिकवले.

शिकलगार हा शब्द तुमच्यापैकी अनेकांना आडनाव म्हणूनच माहीत असेल. आमच्या मिरज-सांगलीकडे हे आडनाव पुष्कळ. माझ्या वर्गात दरवर्षी एखादा तरी असायचा. सैकल म्हणजे घासूनपुसून लकाकी आणणे, हा अरबी शब्द. ते काम करणारा तो सैकलगर, आपल्याकडे शिकलगार, उत्तरेकडे सिकलीगर. लोहार हत्यार घडवी, शिकलगार त्याला धार आणि झळाळी देई, गंज उतरवी, दर मोसमात निगा राखी. लष्कराबरोबर हे लोक हिंडत. त्यांचे चाक कुरुंदाच्या दगडाची पूड लाखेत मळून केलेले. ते चामड्याच्या वादीने फिरवायचे. एकजण वादी पुढेमागे ओढणार, दुसरा पाते चाकावर टेकवणार. चाक हळू फिरते, हातभर जाऊन उलटे येते. त्यामुळे पोलाद तापत नाही. मग हातातला निसणा, मग बारीक पूड, मग तेल.

१८५७ नंतर इंग्रजांनी मुलूखभर हत्यारे गोळा केली. १८७८ मध्ये लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा आला, परवान्याशिवाय हत्यार बाळगायची बंदी. इतिहासाच्या पुस्तकात हे एका ओळीत संपते. पण ज्यांचे पोट हत्यारांना धार लावण्यावर होते त्यांचे काय झाले, ते पुस्तकात नसते. ते कात्र्यांकडे, विळ्यांकडे, अडकित्त्यांकडे, कुलुपांकडे वळले. सायकलच्या मागे चाक बांधून गल्लोगल्ली ओरडत जाणारा धारवाला आपण लहानपणी पाहिला आहे. त्याच्या ओरडण्यामागे केवढा इतिहास होता.

आता तंजावर. २०११ साली आम्ही निवृत्त शिक्षक मंडळी दक्षिणेच्या सहलीला गेलो होतो. तंजावर म्हणजे आपल्याच भोसल्यांचे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६७५-७६ च्या सुमारास तिथे राज्य बसवले आणि ते १८५५ पर्यंत चालले. बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांच्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरला आहे, १८०३ सालचा. त्या भिंतीसमोर उभे राहून परमुलखात देवनागरी मोठ्याने वाचताना माझा गळा भरून आला होता. सरफोजीराजांचे सरस्वती महाल ग्रंथालय पाहिले. मग कुणीतरी विचारले, राजांचे शस्त्रागार कुठे आहे?

शस्त्रागार नाही. दुसरे शिवाजीराजे १८५५ मध्ये वारले, मुलगा नव्हता, कंपनीने राज्य खालसा केले. ग्रंथालय वाचले. शस्त्रागार नाही वाचले. त्यात नायकांच्या वेळेपासूनच्या, जाळीदार नक्षीच्या मुठींच्या कट्यारी होत्या. १८६० च्या दशकात शस्त्रांची निवड झाली, काही थोडी मद्रासच्या संग्रहालयात गेली आणि बाकीची बहुतेक मोडून भंगारात विकली. वॉलहाउस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७८ मध्ये यावर एक लेख लिहून हळहळ व्यक्त केली आहे. आज चेन्नईच्या एग्मोरच्या संग्रहालयात तंजावरची शस्त्रे आहेत, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्येही तंजावरच्या कट्यारी आहेत. इतक्या सुंदर वस्तू उरल्या, तर गेल्या त्या कशा असतील!

परतताना चेन्नईत आम्ही एग्मोरला गेलो. बाकीचे नटराजाच्या मूर्तींकडे गेले, मी शस्त्रांच्या दालनात गेले. काचेमागे कट्यारी मांडलेल्या होत्या. फण्याच्या आकाराचे झाकण, मुठीवर पाने, पक्षी, याळी. मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. बरोबरच्या बाई शोधत आल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुम्ही रडताय की काय?" मी म्हटले, "छे, डोळ्यात काहीतरी गेलंय."

आता सांगते.

आमच्या घरात एक कट्यार होती. कुठून आली, कुणी आणली, घरात कुणालाच ठाऊक नव्हते. आम्ही काही सरदार घराणे नव्हे. पाते वीतभराला थोडे कमी, मुठीशी दीड-एक इंच रुंद. वर्षभर माळ्यावरच्या पेटीत आणि खंडेनवमीला खाली. त्या दिवशी पाटावर विळी, पावशी, कोयता, वडिलांचा टाक, माझी फूटपट्टी आणि मधोमध कट्यार, असे पूजेला मांडलेले असे. घरातल्या प्रत्येक नवरदेवाच्या हातात ती दिली जाई. आजोबांच्या, वडिलांच्या, काकांच्या. टोकाला लिंबू. दृष्ट लागू नये म्हणून, असे आजी म्हणायची. मला वाटते वऱ्हाडातल्या पोरांचे डोळे वाचावेत म्हणूनही असेल.

तिच्यावर अक्षरे होती. पात्याच्या बुडाशी आणि मुठीच्या एका दंडावर. कोरलेली नव्हेत, ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली. लहानपणी मी त्यांवरून बोट फिरवायची. 'श्री' कळायचे. पुढचे कळायचे नाही, गंज होता. मोठी झाले, बीए झाले, शिक्षिका झाले. नीट वाचू कधीतरी, असे म्हणत राहिले.

१९८४ साली धाकट्या भावाचे लग्न ठरले. घरात मी मोठी, सगळी धावपळ माझ्याकडे. कट्यार काढली तर काळवंडलेली, धार गेलेली, टोक बोथट. (हो, बोथट. वर सांगितले ते तेव्हा ठाऊक नव्हते.) म्हटले, नव्या सुनेच्या माहेरची माणसे बघणार, जरा चकचकीत करून घ्यावी. माझ्या एका विद्यार्थ्याचे आजोबा शिकलगार होते, त्यांच्याकडे घेऊन गेले. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांनी ती दोन्ही हातांवर घेतली, उन्हाकडे वळवून बघितली, अंगठ्याच्या नखावर धार बघितली. बराच वेळ बोललेच नाहीत.

मग म्हणाले, "बाई, ह्याला धार लावायची नसती. गंज तेवढा मी हातानं काढून देतो. पंधरा दिवस लागतील."

मी म्हटले, "चाचा, लग्न चार दिवसांवर आलंय."

"मग हाय तशीच द्या नवरदेवाला. पण बाई, मोटारीच्या चाकावर घालू नका. पाणी उतरंल. आन् ही अक्षरं हायत, ती जातील."

मी हो म्हटले. आणि त्याच संध्याकाळी एका वर्कशॉपात नेऊन दिली. चाचांचे म्हणणे मला जुन्या माणसाचा हट्ट वाटला. शिकलेली होते ना! वर्कशॉपवाल्या मुलाचा दोष नाही. मी सांगितले ते त्याने केले. "टोक काढा, चांगली धार लावा, आरशासारखी चमकवा." विजेचे चाक सुरू झाले, ठिणग्या उडाल्या. मी बाहेर बाकावर बसून वह्या तपासत होते. वीस मिनिटांत काम झाले. त्याने पैसेही जास्त घेतले नाहीत.

कट्यार आरशासारखी झाली होती. धारेच्या कडेला निळसर-जांभळी झाक आली होती, मोरपिसासारखी. मला ती सुंदर वाटली. ती पाणी उतरल्याची खूण असते, हे पुढे कळले. टोक सुईसारखे पातळ झाले होते, आणि लग्नात लिंबू खोचतानाच ते वाकले. मुठीचा दंड गुळगुळीत. बुडाशी गुळगुळीत. अक्षर म्हणून एकही नाही.

लग्नानंतर काही दिवसांनी चाचा शाळेच्या फाटकाशी भेटले. विचारले, "काय झालं बाई कट्यारीचं?" मी सांगितले. रागावतील असे वाटले होते. ते नुसते "बरं" म्हणाले आणि गेले. त्या 'बरं'चे ओझे अजून उतरलेले नाही.

ठिपक्यांची ती अक्षरे काय असतात हेही मला पुढे वाचनात सापडले. बिकानेरच्या अनुपसिंहाने औरंगजेबाच्या दक्षिणेतल्या मोहिमेत १६८० च्या दशकाअखेरीस अदोनीचा किल्ला घेतला आणि तिथली शस्त्रे बिकानेरला नेली. त्यांतल्या अनेकांवर अशीच ठिपक्यांची देवनागरी अक्षरे आहेत. त्यांवरून आज अभ्यासक सांगू शकतात की हे हत्यार कुठले, कुठून कुठे गेले. राजेरजवाड्यांच्या शस्त्रागारांत अशी नोंद हत्यारावरच ठोकून ठेवायची पद्धत होती. आमच्या कट्यारीवरही अशीच काही नोंद असेल. कुठल्या किल्ल्याची, कुणाची. किंवा कुणा लोहाराचे नुसते नाव असेल. तंजावरचे शस्त्रागार मोडले म्हणून इंग्रजांना बोल लावताना माझी जीभ अडखळते ती यामुळे. त्यांना ते परक्याचे भंगार होते. मी तर घरची, शिकलेली, आणि इतिहास शिकवणारी.

असो. पुतण्याला खरे ते सांगितले. म्हटले, कट्यार आहे, पण तिला मी चाळीस वर्षांपूर्वी विद्रूप केले आहे. तो हसला. म्हणाला, "आत्या, बाबांच्या हातात हीच विद्रूप होती ना? मग मला हीच दे."

म्हणून गेल्या आठवड्यात ट्रंक उघडली. चाचा आता नाहीत. त्यांचा नातू, माझा तोच विद्यार्थी, आता पन्नाशीचा आहे. शिंप्यांच्या कात्र्यांना धार लावतो. त्याच्याकडे गेले. त्यानेही आजोबांसारखीच ती दोन्ही हातांवर घेतली. मी विचारले, "टोक सरळ करशील का?" तो म्हणाला, "सरळ करायला गेलो तर मोडंल बाई. वाकडं राहू दे. आता हिला कुणाचा हात नको. कापडानं पुसा, तेलाचं बोट फिरवा, आणि चामड्याच्या म्यानात ठेवू नका, दमट हवेत गंज धरतो." पैसे घेतले नाहीत. मी चाचांचे नाव काढले तर म्हणाला, "आजोबा सांगायचे तुमची गोष्ट." काय सांगायचे, ते विचारायचे धाडस झाले नाही.

तुमच्यापैकी कुणी लग्नासाठी कट्यार घेणार असाल तर दोन गोष्टी. नवी घ्याल तर बिनधारेचीच घ्या. आपल्या शस्त्र कायद्यात नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्याराला परवाना लागतो. आणि लग्नाच्या गर्दीत धारेचे हत्यार हवेच कशाला! घरात जुनी असेल तर तिला चमकवू नका. कितीही काळी दिसो. त्या काळेपणातच वाचण्यासारखे काही असते.

आणि खास नातेवाइकांना एक विनंती. आमच्या वडिलांचे लग्न १९४७ साली झाले, मोठ्या काकांचे १९५१ साली. दोघांच्याही हातात ही कट्यार होती. फोटो काढले होते हे मला आईकडून माहीत आहे, पण आमच्याकडचे अल्बम पुरात गेले. तुमच्यापैकी कुणाच्या घरी त्या लग्नांचा एखादा फोटो असेल, कोपऱ्यातला, पिवळा पडलेला, तर भिंग घेऊन नवरदेवाच्या हाताकडे बघा. मुठीच्या दंडावर ठिपके दिसतात का ते बघा. 'श्री' मला आठवते. पुढचे एखादे अक्षर जरी दिसले तरी कळवा.

लग्न २८ तारखेला आहे. सगळ्यांनी यायचे आहे. नवरदेवाच्या हातातल्या कट्यारीचे टोक वाकडे दिसेल. ते का, हे आता तुम्हाला माहीत आहे.